थंड हवेतही पाणी लागतं

गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या अठरा जणी उटीला गेलो. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला काढून जमवलेली सहल. कुर्ल्याहून रेल्वेनं कोइमतूर, तिथून मेट्टुपाळयममार्गे बसनं घाट. कुन्नूरपर्यंतच्या चौदा अवघड वळणांवर निम्म्या जणी लिंबू हुंगत बसल्या होत्या.

उटीच्या सरकारी वनस्पती उद्यानात दरवर्षी मे महिन्यात फुलांचं प्रदर्शन भरतं. १८४८ सालचं हे उद्यान डोंगराच्या उतारावर, जवळपास २२ हेक्टरांत पसरलेलं आहे. पायऱ्यांवर मांडलेल्या हजारो कुंड्या, डेलिया, पिटुनिया, पँझी, आणि फुलांनी मढवलेल्या मोठमोठ्या प्रतिकृती. पत्र्याच्या डब्यात सदाफुली आणि कोरफड लावणाऱ्या आमच्या बायका बघतच राहिल्या. गर्दी मात्र अशी, की एका जागी उभं राहून फोटो काढणं मुश्किल.

दुपारी बाराच्या सुमारास काचघराजवळ आमच्या एक मावशी एकदम गप्प झाल्या. हात थरथरत होते. एवढ्या गारव्यात कपाळावर घाम. मी नाव विचारलं तर भलतंच काहीतरी बोलल्या. कुणी म्हणालं, "गर्दीनं घुसमटल्या असतील." पण मला माहीत होतं, मावशींना साखरेची गोळी चालू आहे. पिशवीतलं मशीन काढून बोटाला टोचलं. साखर ५२.

एकीनं उटीचं चॉकलेट पुढं केलं. मी नको म्हटलं. चॉकलेटमधल्या चरबीमुळे त्यातली साखर रक्तात हळू जाते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. साखर ७० च्या खालीच असेल तर तेवढीच पुन्हा द्यायची. मावशी दुसऱ्या खेपेला सावरल्या. मग त्यांना इडली खायला लावली.

"मावशी, सकाळी काय खाल्लं होतं?"

"गोळी घेतली की."

"आणि खाणं?"

"खाल्लं-प्यायलं असतं तर मधेच जायला लागलं असतं. या गर्दीत कुठं जागा शोधू, पोरी?"

सकाळपासून पाण्याचा घोटही नव्हता. मग मी एकेकीला विचारलं. अठरापैकी अकरा जणी तशाच. आणि खरं सांगते, त्या अकरांत मीही होते. मी सगळ्यांना स्वेटर, आधारकार्ड, बिस्किटं यांची यादी दिली होती. कुणाला कसली गोळी चालू आहे आणि ती खाऊन घेतली का, हे विचारलंच नव्हतं. वीस वर्षं नर्सिंग करून ही चूक.

ही सवय उटीची नाही, वस्तीतली आहे. सार्वजनिक संडासाची रांग, दाराला नसलेली कडी, रात्रीचा अंधार. म्हणून आपण पाणीच कमी पितो आणि लघवी दाबून धरतो. त्यातून लघवीची जळजळ, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, मुतखडा. ज्या संडासाला कडी-दिवा नाही, तिथे तो लावून घेणं हेही औषधच आहे. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात एकटीनं नाही, दहा जणींनी मिळून जावं.

थंड हवेच्या ठिकाणी तर आणखी फसगत होते. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंच आहे. गारव्यात तहान जाणवत नाही, पण चढावर दम लागतो, श्वासातून पाणी जातच असतं. उंचावर उन्हातले अतिनील किरणही जास्त तीव्र असतात. हवा गार असली तरी कातडी भाजते.

म्हणून सहलीला जाताना एवढं करा :

• साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं, तर साखर धोकादायक उतरते. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. पदराला साखरेची पुडी बांधा.

• माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. हा नंबर महाराष्ट्रात आणि तमिळनाडूतही चालतो.

• स्टीलची बाटली न्या. निलगिरी जिल्ह्यात पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी आहे. तासाभरानं चार-पाच घोट प्या.

• आत शिरल्यावर आधी स्वच्छतागृह कुठं आहे ते बघा, मग फुलं. दोघी-दोघींनी जा.

• दम्याचा पंप हाताशी ठेवा. बीपीची गोळी प्रवासातही चुकवू नका.

• लेकरांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. भेटायची जागा आधीच ठरवा.

दुपारनंतर मावशींनी उरलेली बाग पाहिली, बाटली रिकामी केली आणि दोनदा जाऊनही आल्या. "रांग होती, पण दाराला कडी होती," एवढंच त्या म्हणाल्या. यंदाच्या सहलीच्या यादीत मी स्वेटरच्या आधी एक ओळ लिहिली आहे : सकाळी खाल्लं का? पाणी प्यायलं का? पहिलं उत्तर माझं स्वतःचं असेल.