लहान मुलांचे ‘पित्त’ आणि आम्ल कमी करणारी औषधे

“बाळ सारखे दूध टाकते, त्याला पित्त झाले असावे,” ही तक्रार बालरोग विभागात नेहमी ऐकू येते. पुष्कळदा शेजारच्या बाळाला लागू पडलेले किंवा औषधविक्रेत्याने सुचविलेले एखादे औषध घरी आधीच सुरू झालेले असते. या औषधांचे कार्य व मर्यादा पालकांना समजाव्यात, या हेतूने हे टिपण देत आहोत.

जठराच्या अस्तरातील पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. हे आम्ल प्रथिनांच्या पचनास व लोहाच्या शोषणास साहाय्य करते आणि अन्नपाण्यावाटे आलेल्या अनेक जंतूंचा नाश करते. अन्ननलिका व जठर जेथे मिळतात तेथे स्नायूंचे एक वलय असते. तान्ह्या बाळांत ते वारंवार सैल पडते; शिवाय बाळाचा आहार पातळ असतो आणि बराच वेळ ते आडवे असते. त्यामुळे दूध वर येते. ही गुळणी साधारणपणे चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांत आपोआप थांबते. वजन नीट वाढत असेल व बाळ हसतेखेळते असेल, तर याला आजार म्हणता येत नाही.

आम्लस्राव कमी करणारी औषधे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. फॅमोटिडीनसारखी औषधे पेशींना मिळणारा हिस्टामिनचा संदेश अडवितात. ओमेप्राझोल व लॅन्सोप्राझोल ही औषधे आम्ल सोडणारा पेशीतील ‘प्रोटॉन पंप’च बंद करतात. आम्लामुळे अन्ननलिकेचा दाह झाला असल्यास, जठरात वा लहान आतड्याच्या आरंभी व्रण असल्यास ही औषधे फार गुणकारी ठरतात. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूमुळे व्रण झाला असेल, तर त्यांच्या जोडीला प्रतिजैविके द्यावी लागतात. मोठ्या मुलांत छातीतील जळजळ वारंवार होत असल्यास तज्ज्ञ चार ते आठ आठवडे औषध देऊन परिणाम पाहतात व नंतर पुनर्विचार करतात.

मात्र निरोगी बाळाच्या रडण्यावर वा गुळणीवर ही औषधे देणे योग्य नाही. लॅन्सोप्राझोलविषयीचा १६२ तान्ह्या बाळांवरील एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. काहींना औषध, तर काहींना औषधविरहित द्रव्य देण्यात आले होते. दोन्ही गटांत सुधारणेचे प्रमाण सारखेच, म्हणजे ५४ टक्के होते. परंतु फुप्फुसांच्या संसर्गासह गंभीर उपद्रव औषध घेणाऱ्या गटात अधिक आढळले. आम्ल कमी झाले की जंतूंविरुद्धचा एक अडसरही दुबळा होतो, हे ध्यानी घेतले पाहिजे. अमेरिका व युरोप येथील बालपचनविकार तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली दिलेल्या संयुक्त मार्गदर्शनातही हाच संयम सुचविला आहे.

एके काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हे कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारे द्रव्य आढळल्याने २०२० साली अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यास सांगण्यात आले. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते २०२२ साली वगळले गेले. घरात उरलेली जुनी बाटली म्हणूनच वापरू नये.

गुळणी टाकणाऱ्या बाळाला एका वेळी थोडे थोडे दूध पाजावे, ढेकर काढावी व पाजल्यावर वीस-तीस मिनिटे उभे धरावे. झोपविताना मात्र पाठीवरच झोपवावे. वरचे दूध घेणाऱ्या बाळाचा त्रास थांबत नसेल, तर गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे काय, हे डॉक्टर तपासतात.

उलटी हिरवी असेल वा तीत रक्त असेल, ती जोराने दूर फेकली जात असेल, वजन वाढत नसेल, पोट फुगले असेल, बाळ मलूल असेल किंवा सहा महिन्यांनंतर हा त्रास प्रथमच सुरू झाला असेल, तर विनाविलंब रुग्णालयात आणावे. अशा वेळी पित्ताचे औषध देत घरी थांबणे धोक्याचे ठरते, कारण आतड्यातील अडथळ्यासारखे मूळ दुखणे त्यामुळे बरे होत नाही.

औषध लिहून दिलेच, तर ते कशासाठी व किती दिवस द्यावयाचे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. प्रोटॉन पंप रोखणारे औषध सकाळच्या खाण्यापूर्वी सुमारे अर्धा तास द्यावे आणि त्यातील दाणे चिरडू वा चावू देऊ नयेत. दीर्घकाळ घेतलेले औषध एकाएकी बंद केल्यास आम्लस्राव काही काळ वाढू शकतो. म्हणून ते थांबविण्यापूर्वीही सल्ला घ्यावा.