वाळवीला वाळवा!

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. मुलुंडला तळमजल्यावर आमचे घर होते. एके दिवशी भिंतीतल्या कपाटातून मी आजोबांची जुनी वही काढली. आजोबांनी गावाकडच्या आठवणी स्वतःच्या हाताने तीत लिहून ठेवल्या होत्या. पुठ्ठा शाबूत होता, पाठीवरचे कापडही जागच्या जागी होते. पण वही हाताला अगदी हलकी लागली. उघडून पाहतो तो काय! पानांच्या जागी ओलसर मातीचे पोकळ थर आणि त्यांत तांदळाच्या कणीएवढे पांढुरके किडे सैरावैरा पळत होते. आजोबा जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून वडिलांनी कपाटात रॉकेल ओतले. आठ दिवस सामसूम. पंधराव्या दिवशी दाराच्या चौकटीवर मातीची नवी रेघ हजर! मग औषध मारणाऱ्याला बोलावले. वर्षभराने वाळवी पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला मात्र ती गेली ती कायमची. त्या वेळी आम्ही वेगळे काय केले? ते कळण्यासाठी आधी या किड्याची नीट ओळख करून घेऊ या.

मुंगी नव्हे, झुरळाची बहीण

वाळवीला इंग्रजीत 'पांढरी मुंगी' असेही म्हणतात. पण ती मुंगी मुळीच नाही. तिचे जवळचे नाते आहे झुरळाशी! पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. त्यांतला एक भिंगाखाली धरा. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या मुडपलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील, तर ती मुंगी. कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारख्याच लांबीचे असतील, तर ती वाळवी. हे किडे नवे घर वसवायला निघालेले भावी राजाराणी असतात.

लाकूड, कागद आणि सुती कापड यांत सेल्युलोज असते. ते तुम्हांआम्हांला पचत नाही. वाळवीच्या काही जातींच्या आतड्यांत सूक्ष्म जीव राहतात आणि ते सेल्युलोज पचवायला मदत करतात. दुसऱ्या काही जाती वारुळात चक्क बुरशीची शेती करतात! पावसाळ्यात कोकणात लोक वारुळावरची अळंबी आवडीने खातात, ती याच शेतीतून उगवते.

बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. तेथील जंगलात वाळवी पडलेल्या लाकडांची आणि पानांची माती करते. ते तिचे उपयुक्त काम आहे. पण जंगलातला ओंडका आणि आपल्या दाराची चौकट यांत ती फरक कसा करणार? शिवाय बांधकामाच्या वेळी झाडांची मुळे आणि सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे पुष्कळदा जमिनीतच गाडले जातात. म्हणजे तिला घराच्या पायाशीच शिधा मिळतो.

तिचे मर्म कोठे आहे?

आता थोडे भौतिकशास्त्र. १० सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १,००० घन सेंटिमीटर. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. म्हणजे मोठ्या घनाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमागे ०.६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, तर लहान घनामागे ६! वस्तू दहापट लहान झाली, की तिच्या आकाराच्या मानाने पृष्ठभाग दहापट वाढतो. पाण्याची वाफ होते ती पृष्ठभागावरूनच.

वाळवीचा कामकरी किडा जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा, आणि त्याची कातडी मऊ व पातळ. मुंगी किंवा झुरळ यांच्यासारखे टणक कवच त्याला नाही. उघड्या कोरड्या हवेत तो थोड्याच वेळात सुकून मरतो. गंमत पाहा, नाव वाळवी, पण वाळणे मात्र तिला सोसत नाही!

म्हणूनच ती भिंतीवरून उघडी चालत नाही. माती आणि लाळ यांची नळी बांधते आणि तिच्यातून ये-जा करते. ही नळी म्हणजे जमिनीतली दमट हवा लाकडापर्यंत नेणारा बोगदाच होय.

भिंतीत ओल कोठून येते? एक तर गळक्या नळातून, आणि दुसरे म्हणजे केशाकर्षणाने. १ मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. वीट आणि चुना यांत अशी असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांतून जमिनीतले पाणी वर चढते.

मग करायचे काय?

पहिले काम तपासणीचे. विजेरी घ्या आणि चौकटी, कपाटांच्या मागच्या बाजू, मोरीलगतच्या भिंती नीट पाहा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने लाकडावर ठोका. भरीव लाकडाचा आवाज आणि पोखरलेल्याचा आवाज यांतला फरक कानाला सहज कळतो. मातीची नळी दिसली तर मधलाच २–३ सेंटिमीटरचा तुकडा मोडा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. ती पुन्हा बांधलेली असेल, तर आत वाळवी नांदते आहे. सगळी नळी मात्र पुसून टाकू नका. नाही तर वाट कोठून येते याचा माग राहत नाही.

दुसरे काम पाणी तोडण्याचे. गळणारे नळ आणि पाइप दुरुस्त करावेत. लाकडी सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, म्हणजे मागे हवा खेळते. रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी जमिनीला टेकवून ठेवू नयेत.

तिसरे काम औषधाचे. भारतीय मानक आय.एस. ६३१३ वाळवीच्या बंदोबस्तासाठीच आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग बांधकामात घ्यायच्या काळजीचा. रसायने येतात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत! उभ्या घरात जमीन आणि भिंत मिळतात त्या रेषेवर सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर बारीक छिद्रे पाडून आत औषध भरतात. हे काम परवाना असलेल्या माणसाचेच. तुम्ही औषधाला हात लावायचा नाही, आणि रॉकेल तर मुळीच ओतायचे नाही. ते आतवर पोहोचत नाही, आग लागण्याचा धोका मात्र खरा.

औषधे बदलत जातात. एके काळी सर्रास वापरलेली आल्ड्रिन, डिल्ड्रिन, क्लोर्डेन आणि हेप्टाक्लोर ही रसायने माणसाच्या शरीरात साठून राहतात असे आढळले, आणि २००१ सालच्या स्टॉकहोम करारात ती त्याज्य ठरली. त्यांच्यानंतर आलेल्या क्लोरपायरिफॉसचे नावही २०२५ साली काही सवलती ठेवून त्याच यादीत घालण्याचे ठरले. कोरडी भिंत मात्र कधीच बाद होत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. फर्निचरखाली खसखशीसारखे बारीक, सहा कडांचे दाणे पडलेले दिसले, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमिनीची ओल लागत नाही. तेथे त्या लाकडावरच उपचार करावा लागतो किंवा ते काढून टाकावे लागते.

आता आमच्या घराची गोष्ट पुरी करतो. तिसऱ्या खेपेला गवंड्याने कपाट काढले, तेव्हा त्याच्या मागेच मोरीचा पाइप झिरपत असलेला सापडला. रॉकेलनंतर आणि पहिल्या औषधानंतरही ती भिंत ओलीच राहिली होती! पाइप बदलला, भिंत पूर्ण वाळू दिली आणि मगच छिद्रे पाडून औषध भरले. त्या घरात आम्ही पुढे १२ वर्षे राहिलो. वाळवी परत आली नाही.

आजोबांच्या वहीची शेवटची चार पाने वाचली होती. ती आज माझ्या घरी उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवली आहेत. पावसाळा सुरू होण्यापूर्वी एका रविवारी तुम्हीही विजेरी घेऊन आपल्या घरातल्या कपाटामागे डोकावून पाहाल ना?