ओझं नेईन, स्वार नेणार नाही

वायोमिंग राज्यातल्या विंड रिव्हर पर्वतरांगेच्या मोठ्या भागात चाकाला मज्जाव आहे. मोटार तर नाहीच, पण सायकलही नाही आणि हातगाडीसुद्धा नाही. १९६४ साली अमेरिकेनं रानभूमी राखण्याचा कायदा केला, तेव्हापासून अशा राखीव प्रदेशात माणूस जातो तो पायी किंवा जनावराबरोबर. चार हजार मीटरच्या शिखरांखाली हिमनद्यांनी कोरलेली शेकडो तळी आहेत. तिथे चार-पाच दिवस तंबू ठोकून राहायचं तर शिधा, भांडी, अंथरूण-पांघरूण आपल्या पाठीवर घ्या, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर द्या. ही दुसरी पाठ पिढ्यान्‌पिढ्या घोड्याची नाहीतर खेचराची होती. गेल्या चाळीसेक वर्षांत तिथे लामा हा दक्षिण अमेरिकी प्राणीही दिसू लागला.

हिमालयात ट्रेक केलेल्या मराठी माणसाला खेचरांची रीत माहीत असते. घंटा ऐकू आली की डोंगराच्या अंगाला सरकायचं, जनावरं जाऊ द्यायची आणि संध्याकाळी तळावर पोचलं की आपली सॅक तिथे आधीच पडलेली पाहायची. वाटाड्याबरोबरच्या लामा-सहलीत तसं होत नाही. सकाळी प्रत्येकाच्या हातात एका लामाची दोरी दिली जाते आणि दिवसभर त्याला चालवायचं काम तुमचंच असतं. त्याच्यावर बसायचं मात्र नाही. मोठ्या माणसाचं वजन त्याच्या पाठीला झेपत नाही. दोघंही एकाच चालीनं चढतात. मला या सगळ्या प्रकारातली खरी गंमत इथेच वाटते. खेचर म्हणजे मालवाहतूक झाली. लामा वाटेतला सोबती होतो, आणि तोही असा, की उगाच लगट करत नाही.

निघण्याआधीचा तासभर तराजूचा असतो. केस विंचरून काटेकुटे काढायचे, कारण खोगिराखाली एक काडी राहिली तरी दुपारपर्यंत पाठ सोलवटते. मग पाठीच्या दोन्ही अंगांच्या पिशव्या ताणकाट्यावर टांगून मोजायच्या. डावी-उजवी बाजू जवळपास सारखी भरली पाहिजे, नाहीतर उतारावर खोगीर एकीकडे कलतं. धडधाकट लामाचं वजन सव्वाशे ते पावणेदोनशे किलो भरतं आणि तो त्याचा चौथा-पाचवा हिस्सा वाहतो, म्हणजे साधारण पंचवीस ते पस्तीस किलो. खेचर याच्या दुपटीहून अधिक नेतं. त्यामुळे लामाच्या सहलीला जाणाऱ्यानं चैनीचं सामान घरी ठेवावं हे बरं.

ओझं जास्त झालं किंवा दम संपला, तर लामा पाय दुमडून खाली बसतो. मग ओढा, ढकला, विनवण्या करा, उठत नाही. याला हट्ट म्हणतात. मला तो हिशेबीपणा वाटतो. थुंकण्याची ख्याती मात्र जरा वाढवून सांगितलेली आहे. थुंकणं मुख्यतः आपसांतलं असतं, चारा कुणी आधी खायचा आणि रांगेत पुढे कोण चालायचं यावरून. माणसावर उलटतात ते बहुधा एकटे, बाटलीनं दूध पाजून लाडात वाढवलेले नर. त्यांना माणूस आपल्याच जातीतला वाटू लागतो. म्हणून ओझ्याच्या कामाला खच्ची केलेले, कळपात वाढलेले नर घेतात. एरवी ते नाकातून हलकेच गुणगुणतात. दूर अस्वल किंवा कोयोटी दिसला, की सगळे कान त्या दिशेला वळतात आणि एखादा कर्कश, तुटक आवाजात ओरडतो. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात ही राखण फुकट मिळते.

लामा उंटाचा भाऊबंद. या कुळाचा उगम मुळात उत्तर अमेरिकेतला. तिथून एक शाखा आशियात गेली, तिचे उंट झाले. दुसरी दक्षिणेला उतरली. मूळ घरातला वंश हिमयुगाच्या अखेरीस संपला. अँडीज पर्वतात काही हजार वर्षांपूर्वी माणसानं रानटी ग्वानाकोपासून लामा माणसाळवला. इंका साम्राज्याकडे घोडा नव्हता, चाकाची गाडी नव्हती. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर गोण्या लादून घाट चढत, तसेच तिथे लामांचे तांडे डोंगरी रस्त्यांनी चालत. १५४५ मध्ये पोटोसीला चांदी सापडली, तेव्हा स्पॅनिशांनीही तीच पाठ वापरली. चार हजार मीटरवरच्या विरळ हवेतून प्राणवायू ओढून घेण्याची ताकद लामाच्या रक्तातच आहे.

अमेरिकेत तो परत आला तो आधी शोभेसाठी. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या कॅलिफोर्नियातल्या खासगी प्राणिसंग्रहात लामा होते. १९३० मध्ये लाळ्या-खुरकुताच्या भीतीनं दक्षिण अमेरिकेतून आयात बंद झाली आणि पुढची कितीतरी वर्षं आधीच आलेल्या थोड्या जनावरांवरच वंश वाढला. १९८० च्या दशकात तर लामा पाळण्याचं खूळच लागलं, किमती गगनाला भिडल्या आणि पुढे कोसळल्या. डोंगरातला धंदा टिकला, कारण त्यात जनावराला खरं काम होतं.

लामाला खूर नसतात. पायाला दोन बोटं आणि खाली जाड कातडीची मऊ गादी असते. पश्चिम मोंटानातल्या वाटांवरचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. घोड्यांमुळे सुटलेली माती लामांपेक्षा आणि पायी माणसांपेक्षा बरीच अधिक भरली. टेनेसीतल्या २,०१० मीटर उंच माउंट लकाँटवर रस्ता नसलेलं एक मुक्कामाचं लॉज १९२० च्या दशकापासून आहे. तिथेही घोडे वाट उखडायला लागल्यावर लामा आणले गेले. हंगामात आठवड्यातून तीनदा ते ताजं अन्न आणि धुतलेल्या चादरी वर नेतात, मळके कपडे आणि कचरा खाली आणतात. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलच्या शंभर मैलांच्या शर्यतीतही होप खिंडीजवळच्या मदत केंद्राचं सामान त्यांच्याच पाठीवरून चढतं.

सगळीकडे स्वागत होतं असं नाही. पाळीव शेळ्यामेंढ्यांचा न्यूमोनिया रानमेंढ्यांचे कळप संपवतो. लामांवरचा तसा आरोप ठोस पुराव्यानिशी सिद्ध झालेला नाही, तरी त्याच धास्तीनं काही ठिकाणी त्यांना बंदी आहे. यूटामधल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात ओझ्यासाठी घोडा, खेचर आणि गाढव चालतं, लामा नाही. धंदेवाल्यांना हा अन्याय वाटतो. मला मात्र रानमेंढीच्या बाजूनं जरा जास्त सावध राहणं पटतं. लामाला दुसऱ्या वाटा पुष्कळ आहेत.

गुडघे कुरकुरणाऱ्यांना आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यांना याहून चांगली डोंगरयात्रा क्वचित मिळेल. विंड रिव्हरच्या उंच वाटा जुलैपर्यंत बर्फाखाली असतात, सप्टेंबरअखेर पुन्हा झाकल्या जातात. तेव्हा मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेत जाणाऱ्यांनी बेत ऑगस्टचा आखावा. पैसे भरण्याआधी संयोजकाला दोन प्रश्न जरूर विचारावेत: वन खात्याचा परवाना आहे का, आणि चार वर्षांखालच्या जनावरावर पुरं ओझं लादता का?