तीस फेऱ्यांचा शेक तीन फेऱ्यांत

कोगनोळीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. पण फुफ्फुसाच्या कर्करोगावर किरणांचा शेक घ्यायचा म्हटलं की अंतर किलोमीटरवर नाही, फेऱ्यांवर मोजावं लागतं. नेहमीच्या पद्धतीत रोज 2 ग्रे मात्रेचे 30 ते 33 शेक. सहा आठवडे एसटीचे हेलपाटे, सोबतच्या माणसाचा रोजगारही बुडालेला. तंबाखूच्या हंगामात हे कुणाला झेपणार?

लहान गाठीवर आता 3 ते 5 शेक पुरतात. ‘एसबीआरटी’ नावाची ही पद्धत 1991च्या सुमारास स्वीडनच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ब्लोमग्रेन आणि लॅक्स यांनी सुरू केली. अनेक दिशांनी बारीक किरण सोडायचे. एकेकटा किरण वाटेतल्या फुफ्फुसाला फारसा दुखवत नाही; सगळे जिथे मिळतात त्या गाठीत मात्र मात्रा साठते.

अडचण श्वासाची. फुफ्फुसाच्या खालच्या भागातली गाठ श्वासागणिक सेंटिमीटरभर किंवा जास्तही वरखाली होते. म्हणून श्वासाच्या प्रत्येक टप्प्याचा सीटी स्कॅन काढतात, अंगाच्या मापाच्या साच्यात निजवतात, कधी पोटावर पट्टा आवळतात. शेकाआधी शेकाच्याच टेबलावर पुन्हा स्कॅन होतो.

फेऱ्या घटल्या म्हणून उपचार कच्चा राहत नाही. 18 ग्रेचे 3 शेक मिळून 54 ग्रे, 2 ग्रेचे 30 मिळून 60. तरी गाठीवरच्या परिणामाचं सूत्र मांडलं तर पहिल्याचं उत्तर 151 येतं, दुसऱ्याचं 72. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांवर या तीन शेकांचा अमेरिकी अभ्यास 2010 मध्ये आला. तीन वर्षांनी सुमारे 98 टक्के जणांची मूळ गाठ काबूत होती.

गाठ साधारण 5 सेंटिमीटरच्या आतली हवी, रोग पसरलेला नको. मुख्य श्वासनलिकेला खेटून असेल तर तीन जबर शेक जिवावर बेतू शकतात. तिथे मात्रा 5 किंवा 8 शेकांत वाटतात. प्रकृती धडधाकट असेल तर शस्त्रक्रियेचा विचार आजही आधी होतो.

मला खरी काळजी वाटते ती त्याआधीची. लहान गाठ दुखत नाही. निपाणी भागात विडीचा खोकला कुणी मनावर घेत नाही, आणि एक्स-रेतला डाग बऱ्याचदा क्षयाचा समजून औषधं सुरू होतात. थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि औषधांनी डाग हलला नाही, तर सीटी स्कॅनचा आणि गाठीचा तुकडा तपासण्याचा आग्रह घरच्यांनी धरायलाच हवा. क्षयाच्या औषधांत गेलेल्या महिन्यांत गाठ 5 सेंटिमीटरची हद्द ओलांडू शकते.