हायकोर्ट आलं, भाडं वाढलं: मामांनी सही करावी का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथं लिहून देतोय.

सुरुवात करतो मामांच्या फोनपासून. सीपीआर हॉस्पिटलजवळ त्यांचं झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान आहे. आजोबांच्या काळापासून जुन्या भाड्यावर. परवा म्हणाले, "लेका, मालक नवीन कागद घेऊन आलाय. अकरा महिन्यांचा करार, भाडं पाचपट. सही कर नाहीतर जागा सोड म्हणतोय. काय करू?"

आता हे एवढं अचानक का झालं? त्यासाठी थोडं मागं जाऊ.

गेलेलं कोर्ट, आलेलं कोर्ट

भाऊसिंगजी रोडवर पूर्वी जिल्हा न्यायालय होतं. आजूबाजूला वकिलांची ऑफिसं, स्टॅम्पवाले, नोटरी, टायपिस्ट, चहाच्या टपऱ्या. काही वर्षांपूर्वी न्यायालय कसबा बावड्याच्या नव्या संकुलात गेलं आणि ही गर्दीही तिकडं गेली. मामांचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मग सीपीआरच्या पेशंटचे कागद, कॉलेजचे फॉर्म, यावर दुकान चाललं.

मग आला ऑगस्ट 2025. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला मंजूर झालं. 17 ऑगस्टला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू. कुठं? त्याच भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टात! कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, अशा सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांनी आणि पक्षकारांनी यासाठी चाळीसहून जास्त वर्षं लढा दिला होता. आधी एका तारखेसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून मुंबई गाठायची, वर तिथला राहण्या-खाण्याचा खर्च. आता तो माणूस इथं येतो.

हायकोर्टाचा पैसा फिरतो कसा?

तालुक्याच्या कोर्टात आलेला माणूस संध्याकाळी घरी जातो. सोलापूरहून किंवा सावंतवाडीहून हायकोर्टात आलेला माणूस मुक्काम करतो. म्हणजे लॉज, जेवण, रिक्षा. त्याच्या वकिलाला ऑफिस लागतं, ज्युनिअर लागतात, त्या पोरापोरींना रूम आणि मेस लागते. हायकोर्टाची एकेक फाईल शेकडो पानांची. झेरॉक्स, बाइंडिंग, ई-फायलिंगसाठी स्कॅन करून पीडीएफ बनवणं, सगळं काम वाढतं.

पण जागा तेवढीच! शहराचा हा भाग जुना, रस्ते अरुंद, पार्किंगची बोंब. गिऱ्हाईक वाढलं आणि गाळे तेवढेच राहिले, की भाडं चढतं. शिवाय इथून सरळ गेलं की भवानी मंडप, पलीकडं अंबाबाईचं देऊळ. मंदिर परिसराच्या विकासासाठी राज्य मंत्रिमंडळानं मे 2025 मध्ये 1,445 कोटींचा आराखडा मंजूर केलाय. त्यामुळं दोन-तीन मजली जुन्या इमारतींच्या मालकांना आता पाडून नवं बांधायची स्वप्नं पडायला लागलीत. त्यांचंही चूक नाही म्हणा, जुन्या भाड्यात घरपट्टी आणि डागडुजीसुद्धा निघत नाही.

कागदात नेमकं काय असतं?

इथं नीट ऐका, कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचं दुकान असंच असेल.

मामा आज 'भाडेकरू' आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 त्यांना संरक्षण देतो. नियमित भाडं भरत असतील तर कोर्टाच्या आदेशाशिवाय त्यांना काढता येत नाही. भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं, पाचपट नाही. इमारत पाडून नवी बांधायची असेल तर मालकाला कायद्यातल्या अटी पाळून कोर्टातून ताबा घ्यावा लागतो, आणि नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूच्या जागेचा हक्कही कायद्यानं धरलाय.

समोर आलेला कागद होता 'लिव्ह अँड लायसन्स'चा. त्यावर सही केली की मामा भाडेकरू राहत नाहीत. फक्त परवानगीवर बसलेले. मुदत संपली, की पिशवी उचला. पाचपट भाडं दिसतं, ते सगळ्यांना कळतं. हक्क जातोय ते मात्र कागदात दिसत नाही.

आणि बेंच हललं तर?

दुसरा मुद्दा. आत्ताची जागा तात्पुरती आहे. कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कमध्ये जमीन दिलीय. तिकडं बांधकाम झालं की गर्दी पुन्हा उठून जाणार. मामांनी हे एकदा भोगलंय.

मग सगळा धंदा फुगाच का? तसंही नाही. औरंगाबादला 1981 मध्ये असंच कामकाज सुरू झालं, 1984 मध्ये ते कायमचं खंडपीठ झालं. कोर्ट कोल्हापुरात टिकेल असं मला वाटतं. प्रश्न आहे तो या चौकाचा. म्हणून जो कोणी इथं कर्ज काढून कॅफे किंवा ऑफिस टाकणार असेल, त्यानं गुंतवणूक किती वर्षांत वसूल होईल ते आधी मांडावं. आणि 2019, 2021 चा महापूर आठवावा. जयंती नाल्यातून उलटं आलेलं पाणी शाहूपुरीपर्यंत कसं घुसलं होतं, ते जुन्या दुकानदाराला विचारावं.

मामांनी काय केलं?

सही केली नाही. जुन्या भाडेपावत्या शोधल्या, काही माळ्यावर सापडल्या, काही उंदरांनी खाल्लेल्या. एका वकिलाला दाखवल्या. मग मालकाला चहाला बोलावलं आणि म्हणाले, "भाडं थोडं वाढवून देतो, पण भाडेकरू म्हणूनच." मालक अजून फुरंगटून आहे, बोलणी चालू आहेत. दरम्यान मामांनी एक मोठा स्कॅनर घेतलाय. कर्जानं नाही, सेकंडहँड. म्हणाले, "कोर्ट शेंडा पार्कला गेलं, तर स्कॅनर रिक्षात घालून नेता येतो. दुकान नेता येत नाही."

आज एवढं काम करा. घरच्या दुकानाचा कागद काढा आणि वर काय लिहिलंय ते वाचा, भाडेकरार की लिव्ह अँड लायसन्स. भाडेपावत्यांचे फोटो काढून ठेवा. आणि सही करण्याआधी एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा, चौक तर वकिलांनीच भरलाय!

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!