चित्राच्या आड येणारा पडदा

जून २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगे आणि एक लोहचुंबक एवढ्या ऐवजावर ‘कार्डबोर्ड’ आणले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर आला. मधल्या अकरा वर्षांत डोक्यावर चढवायच्या या उपकरणांची भिंगे सुधारली, कॅमेरे वाढले, बोटांची आणि बुबुळांची हालचाल ओळखण्यापर्यंत मजल गेली. मागे राहिला तो इंटरफेस. म्हणजे माणसाला काय, कुठे आणि किती वेळ दिसावे याचा विचार. मोबाइल ॲपचा चौकोन उचलून हवेत टांगला की काम भागते, ही समजूत या काळात पुन्हा पुन्हा बाजारात उतरली आणि पुन्हा पुन्हा तोकडी पडली. हा हिशेब छत्रपती संभाजीनगरातून मांडण्याला कारण आहे. जिल्ह्यात एकीकडे अजिंठा-वेरूळ आहे, दुसरीकडे वाळूज-शेंद्र्याचे कारखाने. समोरची वस्तू पाहायची आहे आणि तिच्याविषयीची माहितीही त्याच क्षणी हवी आहे, ही गरज दोन्ही ठिकाणी खरी आहे.

पहिला धडा पुठ्ठ्याच्या डब्यानेच दिला. फोन डब्यात गेला की काचेवर बोट पोचत नाही, आणि मोबाइल ॲपची सगळी इमारत तर स्पर्शावर उभी. हाती उरले ते मान वळवणे आणि डब्याच्या कडेचा चुंबक खाली ओढणे. मग मधोमध एक ठिपका आणि ठिपका जिथे स्थिरावेल ती गोष्ट निवडलेली, एवढ्यावर भागवावे लागले. बारा बटणांचा मेन्यू तिथे निभावला नाही. गूगलच्या ‘एक्स्पिडिशन्स’ या शालेय सहलींनी ही मर्यादा ओळखली होती: टॅबलेट शिक्षकाच्या हाती, त्याने एका जागेवर बोट ठेवले की मुलांना तिकडे बघा असे सांगणारा बाण दिसे, बस्स. मार्च २०२१ मध्ये गूगलने कार्डबोर्डची विक्री थांबवली. पण डबा संपला नाही. २०२३ मध्ये जिओने तीच कल्पना १,२९९ रुपयांच्या ‘जिओडाइव्ह’मध्ये आयपीएल पाहण्यासाठी आणली. त्याआधी, मुंबईची टेसरॅक्ट कंपनी घेतल्यानंतर, रिलायन्सने जुलै २०२० च्या वार्षिक सभेत ७५ ग्रॅम वजनाचा, तारेने फोनला जोडायचा जिओग्लास दाखवला होता. फोन हातात राहत असल्याने ती मांडणी अधिक शहाणी होती. पण सभेत गाजलेला चष्मा घराघरांत पोचला नाही.

मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सने मार्च २०१६ मध्ये दुसरा धडा दिला. त्यात आभासी चित्र दिसण्याची चौकट आडवी जेमतेम ३० अंशांची होती. दोन मीटरवर जेमतेम एक मीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर उंच. फोनसारखा भरगच्च मेन्यू मांडला की मान जरा हलली तरी त्याचा अर्धा भाग कापला जाई. शिवाय हवेत हात उचलून चिमटा घेत राहिले की खांदे भरून येत. म्हणून मेन्यू कमी करत करत डिझायनर एका सूचनेवर आले: हा बोल्ट, इथे, आत्ता. २०१९ मध्ये आलेले ‘गाइड्स’ हे ॲप याच तत्त्वावर होते. यंत्राशेजारी एक छोटे कार्ड, त्यातून नेमक्या भागाकडे जाणारी रेघ, आणि पायरी संपली की पुढचे कार्ड. ऑक्टोबर २०२४ मध्ये होलोलेन्स २ चे उत्पादन थांबले, हे खरेच. पण ५६६ ग्रॅमचे, साडेतीन हजार डॉलरचे ते ओझे कारखान्यांनी जेवढी वर्षे वागवले, ते या साधेपणामुळे.

एवढे शिकून झाल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो आला आणि चौकोन पुन्हा अवतरला. त्या उपकरणासाठी म्हणून घडवलेली ॲप सहाशेच्या वर होती, तर आयफोन-आयपॅडची जशीच्या तशी चालणारी दहा लाखांहून अधिक. नजरेने निवडायचे आणि बोटांची चिमट घ्यायची, ही रीत सुबक होती. बुबुळ बोटासारखे स्थिर राहत नाही हे ओळखून फोनवर ४४ पॉइंटची असणारी बटणाची जागा इथे ६० पॉइंटपर्यंत वाढवायला ॲपलने सांगितले. पण बटण मोठे केले तरी पडदा पडदाच राहिला. नेटफ्लिक्स, यूट्यूब आणि स्पॉटिफाय यांनी सुरुवातीला आपली ॲप दिलीच नाहीत. सोफ्यावर बसून मेल वाचणाऱ्याला तरंगता चौकोन चालतो. उभ्या माणसाला, ज्याचे लक्ष दुसऱ्याच वस्तूवर आहे, तो आडवा येतो.

ही कसोटी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात लावून पाहावी. मंद उजेड, फ्लॅशला बंदी, कठड्यापलीकडे पद्मपाणी. भिंतीवरच्या जातककथा सरळ क्रमाने वाचता येत नाहीत. चित्रकारांनी प्रसंग अनेकदा घटनाक्रमाऐवजी स्थळानुसार मांडले, हे जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखवून दिले आहे. म्हणून इथे गाईड लागतो, आणि चांगला गाईड टॉर्चचा झोत एका चेहऱ्यावर टाकतो, दोन वाक्ये बोलतो आणि झोत काढून घेतो. हेडसेटवरच्या इंटरफेसला यापेक्षा अधिक काही करायचे नाही. भिंतीसमोर मजकुराची पाटी टांगली, तर जे पाहायला माणूस आला तेच झाकले जाईल. त्यात देवनागरीची अडचण वेगळीच. तीस सेंटिमीटरवर धरलेल्या, इंचाला ४०० पिक्सेलच्या फोनवर दर अंशाला सुमारे ८० पिक्सेल डोळ्याला मिळतात. मेटाच्या क्वेस्ट ३ वर ते २५ आहेत. फोनवर सुखाने वाचता येणारे अक्षर तिथे तिपटीहून मोठे करावे लागते. तसे केले नाही तर शिरोरेघेवरचा ठिपका दोन-तीन पिक्सेलांत विरतो, आणि ‘रंग’ वाचायला आलेल्याला ‘रग’ दिसते. रफार आणि ऱ्हस्व उकार यांची गतही तीच. इंग्रजीत आखलेल्या कार्डात मराठी ओतून हे सुटणार नाही. मजकूर तोडावा लागेल आणि उरलेला कानावर सोपवावा लागेल.

यावर पहिला आक्षेप असा की फोन असताना हे लोढणे कशाला? २०१७ पासून ॲपलने आणि २०१८ पासून गूगलने फोनच्या कॅमेऱ्यातूनच अशी चित्रे दाखवायची सोय दिली आहे. आक्षेप बराचसा बरोबर आहे. बीबी का मकबऱ्याच्या उजेडी अंगणात फोन पुरतो. पण अंधाऱ्या लेण्यात पेटलेला पडदा शेजाऱ्याच्याही डोळ्यांवर येतो, आणि वाळूजच्या जुळणी-रांगेवरच्या हातमोजे घातलेल्या कामगाराचे दोन्ही हात गुंतलेले असतात. दुसरा आक्षेप: ही उपकरणे किमतीने आणि वजनाने पडली, इंटरफेसला दोष का? मग कार्डबोर्ड का पडले? ते स्वस्त होते, हलके होते आणि गूगलच्या सांगण्यानुसार दीड कोटींहून अधिक वाटले गेले होते. किंमत आडवी येते, पण ती उतरल्यावरही वापरायला कारण लागते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आपल्याकडे सांभाळणार कोण? फर्दापूरजवळ लेणी १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृतींसह २०१३ मध्ये अभ्यागत केंद्र उभे राहिले. वीज-पाण्याच्या थकबाकीत अडकून ते पुढे काही वर्षे बंद राहिले. याला डिझाइनकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की जेवढे कमी मांडू, तेवढे कमी सांभाळावे लागेल.

म्हणून लेण्यांसाठी वा कारखान्यांसाठी असे काम मागवणाऱ्यांनी निविदेत ॲनिमेशनची मिनिटे मोजण्याआधी तीन अटी घालाव्यात. एका वेळी एकच सूचना दिसावी आणि ती आपण होऊन विझावी. मराठी मजकूर मुळातून लिहिलेला असावा आणि प्रत्यक्ष उपकरणावर वाचून तपासलेला असावा. आणि चाचणी कार्यालयातल्या खुर्चीत नव्हे, लेण्यात उभे राहून आणि यंत्राच्या आवाजात व्हावी. या तिन्ही अटींना नवे उपकरण लागत नाही. अकरा वर्षांच्या फसलेल्या प्रयोगांनी त्यांची किंमत आधीच चुकती केली आहे.