बर्फाचं वजन आणि ट्रॅक्टरची चाल

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला किविनॉ नावाचं एक चिंचोळं द्वीपकल्प लेक सुपिरिअर सरोवरात शिरलेलं आहे. हिवाळ्यात कॅनडाकडून येणारी कोरडी, कडक थंड हवा या सरोवरावरून वाहते, न गोठलेल्या पाण्याची ऊब आणि वाफ उचलते आणि किनाऱ्याच्या चढाला लागली की ती वाफ बर्फाच्या रूपात टाकून देते. १९७८-७९च्या हिवाळ्यात इथे ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ १० मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. अर्थात तो एका दमात पडत नाही. पण पडतच राहतो, आणि घरापासून सरकारी रस्त्यापर्यंतची आपली वाट ज्याची त्यालाच मोकळी ठेवावी लागते.

सुरुवातीला ट्रॅक्टरला पुढे पातं लावून बर्फ ढकलता येतो. पण ढकललेला बर्फ जातो कुठे? वाटेच्या कडेलाच. तिथे तो गोठून कठीण होतो, पुढच्या खेपेचा बर्फ त्याला अडतो आणि जानेवारी सरेपर्यंत दोन्हीकडच्या भिंती पुढे सरकून वाट अरुंद होत जाते. म्हणून जिथे बर्फ खोल पडतो तिथे तो उचलून लांब फेकणारं यंत्र लागतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये आर्थर सिकार्ड या शेतकरी कुटुंबातल्या माणसाने १९२५मध्ये स्वतःच्या चाकांवर चालणारं असं यंत्र तयार केलं आणि १९२७मध्ये पहिलं यंत्र मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ या गावाने विकत घेतलं. आज ट्रॅक्टरला जोडायचा स्नोब्लोअर त्याच कुळातला आहे.

त्याचं काम दोन टप्प्यांत चालतं. समोर आडवा, मळसूत्रासारखा ऑगर सावकाश फिरतो. तो बर्फ कापतो, दोन्ही बाजूंनी मधोमध ओढतो आणि मागच्या गोल खोक्यातल्या पंख्याकडे ढकलतो. पंखा वेगात फिरून तो बर्फ वरच्या वळणदार नळकांड्यातून, म्हणजे च्यूटमधून, बाहेर भिरकावतो. ही सगळी ताकद ट्रॅक्टरच्या पीटीओतून, म्हणजे अवजारं चालवणाऱ्या मागच्या शाफ्टातून येते. आपल्याकडे रोटाव्हेटर चालवणाऱ्याला हा पीटीओ चांगला ओळखीचा आहे. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. मागे जोडायच्या बऱ्याच स्नोब्लोअरमध्ये पंखा याच वेगाने फिरतो आणि चेन किंवा गिअरबॉक्स लावून ऑगरचा वेग तेवढा कमी केलेला असतो.

म्हणूनच पंख्याचा व्यास आधी पाहावा. ६० सेंटिमीटरच्या पंख्याचं टोक ५४० फेऱ्यांना सेकंदाला १७ मीटर धावतं, ७५ सेंटिमीटरच्या पंख्याचं २१ मीटर. फरक थोडा वाटतो, पण फेकण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे ती दीडपट होते. हाच हिशेब उलट्या दिशेनेही लागू पडतो. जोर पडला म्हणून इंजिन मंदावलं आणि पीटीओ ४०० फेऱ्यांवर आला, तर फेकण्याची ऊर्जा जवळजवळ निम्मी उरते. बर्फ च्यूटमधून सुटण्याऐवजी आतच रेंगाळतो आणि तुंबतो. इंजिन पूर्ण पीटीओ वेगावर आणि ट्रॅक्टर गोगलगायीच्या चालीने, असंच हे काम करावं लागतं.

आता वजनाचा हिशेब. खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला ५० ते १०० किलो असतं. वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फ ३०० ते ४०० किलोपर्यंत जातो. समजा, यंत्र १.८ मीटर रुंद आहे, बर्फ ६० सेंटिमीटर खोल आहे आणि ट्रॅक्टर ताशी फक्त १ किलोमीटरने चालला आहे. तरी तासाला १,०८० घनमीटर बर्फ यंत्रात शिरतो. घनमीटरला ८० किलो धरले तर हे ८६ टन झाले, ३०० किलो धरले तर ३२४ टन. सेकंदाला २० मीटर वेगाने फेकायचं, तर पहिल्या बर्फाला निव्वळ फेकण्यासाठी साडेसहा अश्वशक्ती पुरते, दुसऱ्याला २४ लागते. कापणं, ओढणं, घासणं यांचा खर्च वेगळा. तेच यंत्र, तीच खोली, तोच वेग. पण आदल्या रात्री वारा सुटला होता की नाही, यावर मागणी चौपट होते.

यातून माझं ठाम मत असं झालं आहे की खोल बर्फासाठी आधी ट्रॅक्टर तपासावा आणि मग यंत्र निवडावं. ट्रॅक्टर किती जोरात ओढतो यापेक्षा किती सावकाश चालतो हे इथे महत्त्वाचं आहे. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असेल तर इंजिन पूर्ण वेगावर ठेवून चाकांची चाल पायाच्या पेडलने हवी तितकी कमी करता येते. या कामाला त्याहून सोयीचं काही नाही. गिअरचा ट्रॅक्टर असेल, तर सर्वांत खालच्या गिअरमध्ये तो ताशी किती चालतो ते पाहावं, आणि यंत्र मागे लावणार असाल तर रिव्हर्समध्येही पाहावं.

त्याहून मोठा प्रश्न पीटीओच्या स्वातंत्र्याचा. फोर्डचं ८एन हे मॉडेल १९४७ ते १९५२ या काळात बनत होतं आणि तसले जुने ट्रॅक्टर स्वस्तात मिळतात. पण त्यात क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. खोल बर्फात नेमकं उलट हवं असतं: यंत्र गच्च भरलं की ट्रॅक्टर थांबला पाहिजे आणि पंखा फिरत राहून पोट रिकामं झालं पाहिजे. शिवाय अशा ट्रॅक्टरवर फिरणाऱ्या पंख्याचा जोर उलटा गिअरबॉक्सकडे येतो आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर ढकलला जातो. जोर एकाच दिशेने जाऊ देणारा ओव्हररनिंग कपलर बसवला तर हा धोका टळतो, पण पहिली अडचण तशीच राहते. त्यात ८एनला रिव्हर्स गिअर एकच. मशागतीला हा ट्रॅक्टर उत्तम, पण या कामासाठी मी तो सुचवणार नाही. दोन टप्प्यांचा क्लच किंवा पूर्ण स्वतंत्र पीटीओ असलेलाच घ्यावा.

रुंदीचं गणित सोपं आहे. यंत्र मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडं रुंद हवं, नाहीतर टायर न काढलेल्या बर्फावर चढतात. ताकदीचा ढोबळ नियम म्हणजे रुंदीच्या प्रत्येक फुटाला पीटीओवर किमान ५ अश्वशक्ती. सहा फुटांना ३०. इंजिनवर छापलेला आकडा यासाठी धरू नये, पीटीओचा आकडा त्याहून कमी असतो. दोन मापांत मन अडकलं तर अरुंद यंत्र आणि मोठा पंखा घ्यावा.

जोडायच्या पद्धती तीन. नेहमीचं यंत्र मागे थ्री पॉइंट लिंकेजवर बसतं आणि ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चालतो. मान आणि पाठ दुखते, यात शंका नाही. पण टायर सतत साफ केलेल्या जमिनीवर राहतात, त्यामुळे बर्फ कितीही खोल असला तरी ट्रॅक्टर रुतत नाही. पुढे बसणारं यंत्र डोळ्यांसमोर चालतं आणि मानेला आराम देतं. मात्र त्याला स्वतंत्र सांगाडा आणि पुढे नेणारा ड्राइव्ह लागतो, लोडर काढून ठेवावा लागतो, मागे वजन टांगावं लागतं आणि खर्च बराच वाढतो. तिसरी पद्धत क्युबेकच्या शहरांत ठेकेदार वापरतात. तिथे यंत्र मागेच असतं, पण तोंड ट्रॅक्टरकडे केलेलं. ट्रॅक्टर गॅरेजच्या दारापर्यंत मागे जातो, यंत्र खाली टेकवतो आणि बर्फ गोळा करत पुढे निघतो. दाराला चिकटलेला बर्फही निघतो आणि चालकाला समोर पाहता येतं. शहरातल्या छोट्या छोट्या वाटांसाठी ही पद्धत फार हुशारीची. पण ट्रॅक्टरला आधी त्याच बर्फातून जावं लागतं, म्हणून गुडघाभर बर्फापुढे तिचा भरवसा धरू नये. किविनॉसारख्या ठिकाणी, बेताच्या खर्चात, मी पाठदुखी पत्करून पहिलीच पद्धत निवडेन.

बर्फाचा ढिगारा यंत्राच्या तोंडापेक्षा उंच असेल तर खालून घुसू नये. यंत्र खाली बोगदा कोरतं आणि वरचा थर कोसळतो. लिंकेजने यंत्र उचलून आधी वरचा थर काढावा, मग खालचा. वाट खडीची असेल तर यंत्राखालचे शू थोडे खाली बसवून कडा जमिनीपासून वर ठेवावी आणि पहिल्या एक-दोन खेपांचा बर्फ तसाच दाबून गोठू द्यावा. नाहीतर खडीच च्यूटमधून उडते, आणि ती काच फोडायला पुरेशी असते. ओल्या बर्फात पंख्याच्या पात्यांना रबरी पट्ट्या लावून खोक्याशी असलेली फट बुजवली की तुंबणं बरंच कमी होतं.

तुंबलं तर इंजिन बंद करून चावी काढावी, सगळं पूर्ण थांबल्याची खात्री करावी आणि च्यूट काठीने मोकळी करावी. हात कधीही आत घालू नये. अडकलेल्या ऑगरमध्ये किंवा पंख्यात ताण साठलेला असू शकतो आणि अडथळा निघताच तो इंजिन बंद असतानाही झटक्याने फिरतो. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर ते बदलेपर्यंत यंत्र चालवू नये. ऑगरमध्ये गोठलेलं लाकूड किंवा दगड अडकला की शिअर बोल्ट तुटतो, तो तुटण्यासाठीच असतो. त्या जागी कडक पोलादी बोल्ट घातला तर पुढचा दगड गिअरबॉक्स फोडतो. कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि प्रतीचे मूठभर बोल्ट, दोन पाने आणि एक टॉर्च ट्रॅक्टरवरच ठेवावी, कारण बोल्ट तुटतो तो बहुधा वाटेच्या टोकाला, रस्ता साफ करणाऱ्या गाडीने आणून टाकलेल्या गोठलेल्या ढेकळांत.